काढायचं तर सांगून काढा

कवळीताईंचं कागदोपत्री नाव शहरात चार-पाच जणांनाच ठाऊक असेल. दंतवैद्यांची पोरंबाळंसुद्धा त्यांना कवळीताईच म्हणायची, आणि त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. धंदाच तो होता. शहरातले सात दंतवैद्य माणसांच्या जबड्यांचे साचे घेऊन त्यांच्याकडे पाठवायचे आणि कवळीताई घराच्या मागच्या खोलीत बसून त्यावरून कवळ्या करायच्या. उत्तरेच्या खिडकीखाली लांब टेबल, टेबलावर गॅसची बारीक निळी ज्योत, मेण कोरायची सुरी, प्लास्टर कालवायचं रबरी भांडं. भिंतीवरच्या फळीवर चिठ्ठ्या चिकटवलेले पांढरे जबडे ओळीने मांडलेले. माणसांचे चेहरे त्या कधी बघत नसत. रस्त्यात कुणी नमस्कार केला तर त्या गोंधळून बघत राहायच्या, समोरचा हसला की मग म्हणायच्या, "हां, हां, आलं लक्षात!"

दिवसाचे आठ तास मान खाली घालून बसायचं काम. चौतिसाव्या वर्षी उजवा खांदा धरला तो सुटेना. डॉक्टर म्हणाले, पोहा. कवळीताई म्हणाल्या, मला येत नाही. डॉक्टर म्हणाले, मग शिका. अशा रीतीने त्या जलतरण मंडळाच्या सभासद झाल्या.

मंडळ जुनं, रीतसर नोंदणी झालेलं. स्वतःचा तलाव, स्वतःची छापील घटना, नऊ जणांची कार्यकारिणी. पहाटे साडेपाच ते सात बायकांची वेळ. कवळीताईंना पाण्यात उतरवलं ते भूगोलबाईंनी. त्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या आणि लहानपणापासून त्या तलावात पोहत आलेल्या. पहिले पंधरा दिवस कवळीताई काठाचा पाइप सोडायला तयार नव्हत्या. तेव्हा भूगोलबाई त्यांच्या पाठीखाली दोन्ही हात धरून उभ्या राहायच्या आणि सांगायच्या, "अगं, श्वास घ्यायची कसली घाई करतेस? आधी सोडायला शीक. घेणं आपोआप येतं."

तेव्हापासून अठरा वर्षं दोघी शेजारशेजारच्या पट्ट्यांत पोहल्या. चाळीस फेऱ्या, मग काठावर बसून दहा मिनिटं गप्पा, मग केस पुसत पुसत आणखी दहा मिनिटं. एक दुसरीला 'कवळे' म्हणायची, दुसरी पहिलीला नुसतंच 'भूगोल'. भूगोलबाई पुढे मंडळाच्या चिटणीस झाल्या. कवळीताईंना सभा-समित्यांत रस नव्हता. वार्षिक सभेला जायच्या, मागच्या रांगेत बसायच्या, चहा प्यायच्या आणि घरी यायच्या.

भानगड सुरू झाली ती तळाच्या जाळीवरून. तलावाच्या खोल बाजूला पाणी ओढून घेणारं तोंड असतं, त्यावर लोखंडी जाळी असते. एका सकाळी खाली काही हलताना दिसलं म्हणून कवळीताईंनी बुडी मारून पाहिलं. जाळीचे चारातले दोन स्क्रू गायब होते, एक कोपरा वर उचललेला होता, आणि हात जवळ नेला की पाणी तो आत खेचत होतं. त्यांनी कार्यकारिणीला पत्र लिहिलं. तीन आठवड्यांनी दुसरं लिहिलं. उत्तर नाही. भूगोलबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अगं, पन्नासावं वर्ष तोंडावर आलंय. स्पर्धा, पाहुणे, छपाई, नुसती धावपळ चाललीय. अध्यक्ष म्हणतात, कार्यक्रम झाला की तलाव रिकामा करू आणि एकदमच दुरुस्ती करू."

मग एका रविवारी तळाशी बुडी मारलेल्या आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीच्या केसांचा शेंडा त्या कोपऱ्यात अडकला. तिच्या आईने हिसडा मारून सोडवला. मुलगी रडली, खोकली आणि पुन्हा पाण्यात गेलीसुद्धा. पण कवळीताईंनी ते पाहिलं होतं. त्या घरी आल्या, कामाचं टेबल पुसलं आणि नगरपालिकेच्या आरोग्य खात्याला पत्र लिहिलं.

पत्रात पाच वाक्यं होती. पहिली तीन जाळीबद्दल. पाचवं, की खात्याने येऊन पाहावं. चौथं वाक्य असं होतं: 'तसेच पाण्यातील क्लोरीनची नोंदवही रोजच्या रोज भरली जात नसून महिनाअखेरीस एकाच बैठकीत भरली जाते.' हे त्यांना कळलं होतं भूगोलबाईंकडूनच. केस पुसताना त्या एकदा हसत म्हणाल्या होत्या, "काल बसून अख्खा महिना भरून काढला बघ, मनाला येतील ते आकडे!" पत्र लिहिताना कवळीताईंना भूगोलबाई आठवल्या नाहीत असं नाही. आठवल्या. पण वाक्य खरं होतं आणि खरं आहे ते लिहायला काय हरकत, असं म्हणून त्यांनी ते राहू दिलं.

खात्याची दोन माणसं आली, जाळी पाहिली, वही नेली आणि तलाव अकरा दिवस बंद केला. पन्नासाव्या वर्षाच्या स्पर्धा त्याच अकरा दिवसांत होत्या. पाहुण्यांना तारा-फोन करून येऊ नका म्हणून सांगावं लागलं. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. पत्र कुणाचं, हे दोन दिवसांत सगळ्यांना कळलं, कारण कवळीताईंनी खाली सही केली होती.

महिन्याभराने त्यांना मंडळाचं पाकीट आलं. 'आपले वर्तन मंडळाच्या लौकिकास बाधक ठरल्याने घटनेच्या कलम सतरान्वये आपले नाव सभासदपटावरून कमी करण्यात आले आहे.' खाली चिटणीसांची सही. ती वळणदार सही कवळीताईंनी नकाशांच्या खाली, वाढदिवसाच्या चिठ्ठ्यांवर शेकडो वेळा पाहिली होती.

कुणी काही विचारलं नव्हतं, बोलावलं नव्हतं. त्या दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे पिशवी घेऊन साडेपाचला फाटकावर गेल्या. पहारेकऱ्याने त्यांना यादी दाखवली. नावावर पट्टी धरून लाल रेघ मारलेली होती. "ताई, माझ्या हातात काय आहे?" तो म्हणाला. आतून पाण्याचा आवाज येत होता.

खालच्या मजल्यावर त्यांचा थोरला भाऊ राहायचा, टपाल खात्यातून निवृत्त झालेला. तो म्हणाला, "सोडून दे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये."

"मी शहाणी कधी होते, दादा?"

"अगं पण त्यांनी नाही घेतलं तर दुसरीकडे पोह. पाणी ते पाणीच."

"काढलं त्याचं काही नाही. पण काढायचं तर सांगून काढा ना! अठरा वर्षांत माझ्या तोंडावर एक शब्द बोलायला कुणाला तोंड नव्हतं?"

वहिनी आतून म्हणाली, "तोंडं सगळ्यांची ताईंकडेच तर बनतात." दादा हसला, पण कवळीताई हसल्या नाहीत.

वकिलांचं ऑफिस सायकल दुरुस्तीच्या दुकानावर होतं. जिना इतका अरुंद की खाली येणाऱ्याला वाट द्यायला वर चढणाऱ्याला मागे जावं लागे. वकील पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. त्यांनी घटनेची छापील पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, मग उलटी चाळली आणि म्हणाले, "ताई, एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तुम्ही चांगल्या की वाईट, पत्र लिहिलं ते बरोबर की चूक, यात कोर्ट पडणार नाही. मंडळ म्हणजे चार लोकांनी मिळून चालवलेलं घर. कोर्ट एवढंच बघणार, की काढताना त्यांनी स्वतःचा नियम पाळला का, आणि तुमचं ऐकून घेतलं का."

"नाही ऐकून घेतलं."

"तेच तर. कलम सतरा म्हणतं, चौदा दिवसांची नोटीस, सर्वसाधारण सभा, दोन तृतीयांश मतं. यांनी नऊ जणांनी चहा पिता पिता ठराव केला." त्यांनी पुस्तिका मिटली. "पण जिंकलात तरी ते पुन्हा नोटीस देऊन काढू शकतात. मग?"

"मग काढू देत," कवळीताई म्हणाल्या. "पण बोलावून."

दावा दाखल झाला. निकाल लागेपर्यंत पोहू द्यावं म्हणून अर्ज केला, तो फेटाळला गेला. मग तारखा सुरू झाल्या. कधी मंडळाचे वकील आजारी, कधी न्यायाधीशांची बदली, कधी इतिवृत्ताची मूळ वही सापडत नाही. कवळीताई तारखेला जाताना डब्यात मेणाचं काम घेऊन जायच्या आणि बाकावर बसून दात बसवायच्या. एकदा शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने डब्यात डोकावून पाहिलं आणि उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसला.

खांदा पुन्हा धरला. रोज सकाळी त्या दाराच्या चौकटीला हात टेकवून डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करायच्या. पण त्यात पोहण्याचं सुख नव्हतं. भूगोलबाई आणि त्या एकाच बाजारात जायच्या, त्यामुळे समोरासमोर यायच्याच. भूगोलबाई रस्ता ओलांडून पलीकडे जायच्या. एकदा रस्ता ओलांडायला जागाच नव्हती, खणून ठेवला होता. तेव्हा दोघी खांद्याला खांदा घासून गेल्या आणि एकीनेही मान वर केली नाही.

साक्षीच्या दिवशी मंडळाच्या वकिलांनी विचारलं, "बाहेर पत्र लिहिण्याआधी आपण मंडळाची परवानगी घेतली होती का?"

"जाळी परवानगी घेऊन तुटली नव्हती," कवळीताई म्हणाल्या.

"विचारलं तेवढंच सांगा," न्यायाधीश म्हणाले.

"नाही घेतली."

अडीच वर्षांनी निकाल आला. अकरा पानं होती. कवळीताईंनी त्यातल्या दोन वाक्यांवर पेन्सिलने खुणा करून ठेवल्या. वादीला नोटीस दिली नाही, बाजू मांडायची संधी दिली नाही, सबब ठराव बेकायदेशीर आणि रद्दबातल. आणि त्याच्याच खाली: मंडळाला घटनेप्रमाणे नव्याने कारवाई करण्याची मोकळीक राहील. वादीचं वर्तन कसं होतं याबद्दल कोर्टाने एक अक्षरही लिहिलं नव्हतं.

दादाने पेढ्याबिढ्याची भाषा काढली, पण कवळीताईंनी हात हलवला. आठव्या दिवशी मंडळाचं दुसरं पाकीट आलं. या वेळी चार पानी. आरोप क्रमवार लिहिलेले, सभेची तारीख, वेळ, ठिकाण, आणि शेवटी, 'आपणास आपली बाजू मांडण्यास पंधरा मिनिटे देण्यात येतील.' कवळीताईंनी ते दोनदा वाचलं. "बघ," त्या वहिनीला म्हणाल्या, "किती व्यवस्थित लिहिलंय. हे आधीच लिहिलं असतं तर?"

सभा तलावाशेजारच्या दालनात होती. भिंतीवर जुन्या स्पर्धांचे फोटो, छताला दोन पंखे, त्यातला एक बंद. त्र्याऐंशी सभासद आले होते, वार्षिक सभेला तीससुद्धा जमत नसत. कवळीताई या खेपेस पुढच्या रांगेत बसल्या, कारण तिथे त्यांच्यासाठी वेगळी खुर्ची ठेवली होती. अध्यक्ष निवृत्त इंजिनिअर. त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि चिटणीसांना आरोप वाचायला सांगितलं.

भूगोलबाई उभ्या राहिल्या. अडीच वर्षांत त्या वाळल्या होत्या. पहिला आरोप, दुसरा, तिसरा. तलाव बंद पडला, स्पर्धा बुडाल्या, लौकिकाला बाध आला. वर्गात वाचावं तसं त्यांनी एका सुरात वाचलं. मग कागद खाली ठेवला.

"आता हे लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या, "पण मी बोलणार आहे. अध्यक्षांनी थांबवू नये." अध्यक्षांनी थांबवलं नाही.

"जाळीचं पत्र बरोबर होतं. आम्ही दुरुस्ती करायला हवी होती, नाही केली. ते माझंही चुकलं. पण त्या पत्रात वहीबद्दल एक वाक्य आहे. ती वही मी भरायचे. ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी एकदाच बोलले, एकाच माणसापाशी, केस पुसताना. मैत्रीण म्हणून." त्यांनी प्रथमच कवळीताईंकडे पाहिलं. "मला येऊन म्हणाली असतीस, की हे मी लिहिणार आहे, तू नीट भर नाहीतर चिटणीसपद सोड, तर मी सोडलं असतं. तू मला विचारलं नाहीस. बोलावलं नाहीस. माझं ऐकून घेतलं नाहीस. खात्याचा माणूस माझ्या शाळेत आला, मुलींच्या देखत वही दाखवून विचारलं, हे अक्षर तुमचं का? तेव्हा मला कळलं."

अध्यक्षांनी घड्याळ पुढे ओढलं. चालू असलेल्या पंख्याचा तेवढा खडखडाट.

"आपली बाजू," अध्यक्ष म्हणाले.

कवळीताईंनी सात पानं लिहून आणली होती. वकिलांनी तपासून दिली होती. त्या उभ्या राहिल्या, पानं हातात धरली, पण वाचली नाहीत. शाळेत वही नेली होती, हे त्यांना आज पहिल्यांदा कळत होतं.

"जाळीबद्दल मला काही सांगायचं नाही, ते चिटणीसांनीच सांगितलं," त्या म्हणाल्या. "पत्र लिहिलं ते मी पुन्हा लिहीन. चौथं वाक्य..." त्या थांबल्या. "चौथं वाक्य खरं होतं. पण ते मला सांगितलेलं होतं, माझं नव्हतं. लिहायच्या आधी तिच्या घरी जायला हवं होतं. घर चार गल्ल्या पलीकडे आहे. मी गेले नाही." आणि त्या खाली बसल्या. पंधरातली तेरा मिनिटं उरली होती.

मागून कुणीतरी म्हणालं, अहो, एवढं झालं ना, मिटवून टाका. दुसरं कुणीतरी म्हणालं, कोर्टात आपल्याला अडीच वर्षं नाचवलं त्याचं काय? अध्यक्षांनी चिठ्ठ्या वाटायला सांगितल्या. कवळीताईंनाही एक दिली, ती त्यांनी परत केली. स्वतःच्याच निवाड्यात मत कसलं द्यायचं? भूगोलबाईंनी चिठ्ठी घेतली, लिहिली, दोनदा घडी घातली आणि पेटीत टाकली. काय लिहिलं ते त्यांनी पुढे कधी कुणाला सांगितलं नाही.

नाव कमी करावं: अठ्ठावन्न. करू नये: चोवीस. दोन तृतीयांश भरत होते.

कवळीताईंनी पानांची गुंडाळी केली, अध्यक्षांना नमस्कार केला आणि बाहेर आल्या. फाटकावर पहारेकऱ्याने विचारलं, "काय झालं ताई?"

"काढलं," त्या म्हणाल्या. "नीट काढलं."

दोन दिवसांनी वकिलांचा निरोप आला म्हणून त्या सायकलवाल्याच्या माडीवर गेल्या. वकील खुशीत होते. "ताई, चौदा दिवसांची नोटीस हवी ना? तुमच्या पाकिटावरचा टपालाचा शिक्का बघा. मिळाल्यापासून सभेपर्यंत तेराच दिवस भरतात! हीसुद्धा सभा रद्द होते. दावा लावू या?"

कवळीताईंनी पाकीट हातात घेतलं, शिक्का पाहिला, बोटांवर दिवस मोजले. तेराच होते.

"नको," त्या म्हणाल्या.

"अहो, हातात आलेली केस आहे!"

"चोवीस माणसांनी मला ठेवा म्हटलं, वकीलसाहेब. त्यांतली निम्मी मला ओळखतसुद्धा नसतील. आणि का काढलं ते आता मला कळलं. एका दिवसासाठी आणखी अडीच वर्षं कुठे घालवू?"

वकिलांनी पाकीट फाइलीत लावलं. त्यांना ते पटलं नव्हतं, पण दिवसभर त्यांनी इतर अशिलांना ही गोष्ट सांगितली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी कवळीताई चार गल्ल्या ओलांडून भूगोलबाईंच्या घरी गेल्या. दार उघडलं. "ये" म्हटलं गेलं नाही आणि "जा"ही म्हटलं गेलं नाही. दोघी दारातच उभ्या राहिल्या.

"तुझ्या शाळेत वही घेऊन आले होते, ते मला ठाऊक नव्हतं."

"ठाऊक असतं तर?"

कवळीताईंनी खरोखरच विचार केला. "पत्र लिहिलंच असतं. आधी इथे आले असते."

"हं," भूगोलबाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "खांदा कसा आहे?"

"धरलाय."

"धरणारच. बसून राहिलीस ना." आणि त्यांनी दार लावलं, हळूच, कडीचा आवाज न करता.

एवढंच. पुन्हा मैत्री जुळली असं नाही. बाजारात भेटल्या की आता भूगोलबाई रस्ता ओलांडत नसत, दोन शब्द बोलत. पण 'कवळे' अशी हाक काही पुन्हा आली नाही. पुढच्या वर्षी त्यांनी चिटणीसपद सोडलं. मंडळाने जाळी बदलली आणि नोंदवहीवर रोज दोन सह्या असाव्यात असा ठराव केला.

कवळीताई नदीपलीकडच्या नगरपालिकेच्या तलावावर जाऊ लागल्या. दोन बसगाड्या बदलाव्या लागत. तलाव लहान, पाणी कोमट, पट्ट्या नाहीतच. पोरं काठावरून धडाधड अंगावर उड्या मारायची. तिथे सभासद नव्हते, तिकीट काढायचं आणि उतरायचं. कुणी कुणाला काढू शकत नव्हतं, कारण कुणी कुणाला घेतलंच नव्हतं. सहा महिन्यांत खांदा मोकळा झाला.

तिसऱ्या वर्षी तिथल्या सकाळच्या बायकांच्या मनात आलं, आपणही मंडळ काढू या. मंडळ असलं की नगरपालिका ऐकते, वेळ वाढवून देते. शिवणकाम करणारी एक, दवाखान्यातली एक परिचारिका, बँकेतली एक, अशा सातजणी ओल्या केसांनी बाकावर बसल्या. कवळीताईंना घटनेतलं कळतं असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून वही त्यांच्या मांडीवर आली.

"लिहा ताई," परिचारिका म्हणाली. "पहिलं कलम. सभासद कसं व्हायचं."

"ते सोपं आहे, ते नंतर लिहू," कवळीताई म्हणाल्या. "आधी काढायचं कसं ते लिहू या."

"अहो, अजून कुणी आलंच नाही आणि काढायचं काय?"

"म्हणूनच आत्ता. आत्ता कुणाचा कुणावर राग नाही."

बायका हसल्या. शिंपीणबाई म्हणाली, बाई भलतीच अनुभवी दिसते. कवळीताईंनी पेन्सिलीला टोक केलं आणि लिहायला घेतलं. चौदा दिवसांची नोटीस त्यांनी एकवीस केली. बाजू मांडायला पंधरा मिनिटं होती ती अर्धा तास केली. मग जरा थांबून एक नवंच कलम घातलं: कोणाही सभासदाविरुद्ध बाहेर तक्रार करण्यापूर्वी तक्रार करणाऱ्याने त्या सभासदाला समक्ष भेटून तसे सांगावे.

"आणि समोरचीनं दार उघडलं नाही तर?" बँकेतल्या बाईंनी विचारलं.

कवळीताईंनी पेन्सिल कानामागे खोचली. "तर चिठ्ठी टाकायची दाराखालून," त्या म्हणाल्या. "लिहू का तसं?"

त्यावर अर्धा तास वाद झाला. तेवढ्यात पुरुषांची वेळ सुरू झाल्याची घंटा वाजली आणि वही मिटून सगळ्याजणी कपडे बदलायला पळाल्या.